विश्लेषण : १०० दिवस, दहा-बारा देश आणि एक बोट... समुद्रावरच्या सेमिस्टरमध्ये विद्यार्थी नेमके काय शिकतो?

कोकणात किंवा गोव्यात 'मुलगा बोटीवर आहे' असे कुणी सांगितले, की तो नोकरीला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिकेतल्या काही घरांत मात्र याच वाक्याचा अर्थ 'मुलगा कॉलेजात आहे' असा होतो. एक संपूर्ण सेमिस्टर जहाजावर राहून, वर्गात बसून, परीक्षा देऊन आणि वाटेत दहा-बारा देशांत उतरून पूर्ण करण्याची सोय तिथे अनेक दशकांपासून आहे. समाजमाध्यमांवर त्याचे डोळे दिपवणारे व्हिडिओ फिरतात. पण हे शिक्षण आहे की महागडी सहल? आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या विद्यार्थ्याला ते कितपत शक्य आहे?

काय आहे 'सेमिस्टर ॲट सी'?

'इन्स्टिट्यूट फॉर शिपबोर्ड एज्युकेशन' ही अमेरिकेतील ना-नफा संस्था हा कार्यक्रम चालवते. शैक्षणिक जबाबदारी एखाद्या विद्यापीठाकडे असते. पिट्सबर्ग विद्यापीठाने १९८१ पासून पाव शतक आणि त्यानंतर व्हर्जिनिया विद्यापीठाने दहा वर्षे ती सांभाळली. २०१६ मध्ये ती कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीकडे आली. विद्यार्थ्याला मिळणारे गुणपत्रक विद्यापीठाचे असते, जहाज कंपनीचे नव्हे.

एका सफरीत साधारण १०० ते १०५ दिवस असतात. विद्यार्थी १२ ते १५ क्रेडिटचे विषय घेतात, म्हणजे जमिनीवरच्या सेमिस्टरइतकेच. सध्याचे जहाज 'एमव्ही वर्ल्ड ओडिसी'. जर्मनीत १९९८ मध्ये बांधलेले, सुमारे १७५ मीटर लांबीचे हे जहाज मूळचे 'डॉइशलांड' नावाचे आलिशान प्रवासी जहाज. त्यावर एका जर्मन दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरणही होत असे. उन्हाळ्यात ते अजूनही जर्मन पर्यटकांना घेऊन फिरते आणि उरलेल्या काळात कॉलेज होते. पर्यटकांसाठी बांधलेल्या 'कैझरझाल' या नृत्यदालनात सेमिस्टरच्या काळात व्याख्याने होतात.

ही कल्पना सुचली कुणाला?

न्यूयॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स एडविन लॉ यांनी १९२६ मध्ये 'फ्लोटिंग युनिव्हर्सिटी' काढली. सप्टेंबरमध्ये 'एसएस रिंडॅम' हे जहाज सुमारे ५०० प्रवाशांसह न्यूयॉर्कजवळच्या होबोकेन बंदरातून निघाले आणि जगप्रदक्षिणा करून १९२७ च्या मे महिन्यात परतले. जग पाहून मिळालेले ज्ञान पुस्तकी ज्ञानाइतकेच खरे असते, असा लॉ यांचा दावा होता. त्यांच्या विद्यापीठाने मात्र जहाज सुटण्याआधीच अंग काढून घेतले. त्या काळी अमेरिकेत दारूबंदी होती. विद्यार्थी परदेशी बंदरांत दारू पितात, अशा बातम्या मायदेशी पोहोचल्या आणि प्रयोगाचे नाव खराब झाले. 'अभ्यास की मौज' हा वाद तेव्हापासूनचा आहे.

१९६३ मध्ये कॅलिफोर्नियातून 'युनिव्हर्सिटी ऑफ द सेव्हन सीज' या नावाने कल्पना पुन्हा उभी राहिली. पुढे हाँगकाँगचे जहाजमालक सी. वाय. तुंग तिच्या मागे उभे राहिले. त्यांनी १९७० मध्ये 'क्वीन एलिझाबेथ' हे प्रचंड ब्रिटिश जहाज तरंगत्या विद्यापीठासाठी विकत घेतले आणि त्याला 'सीवाइज युनिव्हर्सिटी' असे नाव दिले. हा त्यांच्या आद्याक्षरांवरचा श्लेष होता. डागडुजी सुरू असतानाच ९ जानेवारी १९७२ रोजी हाँगकाँगच्या बंदरात ते जळून कलंडले. तुंग यांनी आधीच घेतलेल्या दुसऱ्या, लहान जहाजावर वर्ग सुरू राहिले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'सेमिस्टर ॲट सी' हे नाव आले. हाँगकाँगचे पहिले मुख्य प्रशासक तुंग ची-ह्वा हे याच तुंग यांचे पुत्र.

बोटीवरचा दिवस कसा असतो?

व्हिडिओंत दिसतात ती बंदरे. सफरीचा जवळपास निम्मा काळ मात्र समुद्रावर जातो आणि समुद्रावरचा प्रत्येक दिवस हा शाळेचा दिवस असतो. शनिवार-रविवार नसतात. वेळापत्रक 'ए' आणि 'बी' अशा आलटून-पालटून येणाऱ्या दिवसांत विभागलेले असते. आज कोणता वार आहे यापेक्षा आज 'ए' आहे की 'बी', एवढेच विद्यार्थ्यांच्या लक्षात राहते.

वर्ग भरतात ते उपाहारगृहाच्या कोपऱ्यात, लाउंजमध्ये, जिथे जागा मिळेल तिथे. समुद्र खवळला की खुर्च्या सरकतात, फळ्यापाशी उभ्या प्राध्यापकांना खांब धरून शिकवावे लागते. पहिल्या काही दिवसांत अनेकांना बोट लागते. गाडी लागण्याचेच हे मोठे रूप. कानातला तोल सांभाळणारा भाग 'आपण हलतोय' असे सांगतो आणि केबिनच्या स्थिर भिंती पाहणारे डोळे 'नाही' म्हणतात. या गोंधळातून मळमळ सुरू होते. त्यावर उपाय म्हणजे डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहणे, पोटात खारी बिस्किटे किंवा सफरचंद ठेवणे आणि गरज पडल्यास जहाजावरच्या दवाखान्यातून गोळी घेणे.

स्वस्तातल्या केबिन जहाजाच्या आतल्या बाजूला, बिनखिडकीच्या असतात. त्यात दोघे किंवा तिघे राहतात. इंटरनेट किनाऱ्यासारखे मोकळे नसते. जेवणाच्या टेबलावर प्राध्यापक, त्यांची मुले, सोबत प्रवास करणारे ज्येष्ठ नागरिक असे सगळे एकत्र बसतात. दक्षिण आफ्रिकेचे नोबेल विजेते आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी अशा एकाहून अधिक सफरी केल्या होत्या. वर्गातला तास संपल्यावर शिक्षक घरी निघून जात नाही, ही बोटीवरच्या कॉलेजची मोठी जमेची बाजू मानली जाते.

घड्याळाचा घोळ काय असतो?

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे दर १५ अंश रेखांशामागे एक तासाचा फरक पडतो. विमानाने जाणाऱ्याला हा फरक एकदम बसतो, बोटीवरच्याला हप्त्याहप्त्याने. जहाज पूर्वेकडे जात असेल तर दर एक-दोन रात्रींनी घड्याळ तासभर पुढे करावे लागते. दिवस २३ तासांचा होतो आणि सकाळचा आठचा तास काही बदलत नाही. पश्चिमेकडे जाताना उलट, २५ तासांचा दिवस मिळतो. पण प्रशांत महासागरात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना एक तारीख कॅलेंडरमधून गायब होते. पूर्वेकडे जाताना तीच तारीख दोनदा येते. एखाद्याचा वाढदिवस अशा वेळी दोनदा साजरा होतो किंवा येतच नाही.

मग हा खरोखर अभ्यास आहे का? गणित काय सांगते?

एका विषयाच्या साधारण दोन डझन तासिका होतात. प्रत्येक तासिका ८० मिनिटांची. म्हणजे सुमारे ३२ तास. याशिवाय प्रत्येक विषयासाठी एखाद्या बंदरात पूर्ण दिवसाचा एक क्षेत्रवर्ग सक्तीचा असतो. तो एकूण तासांच्या सुमारे २० टक्के धरला जातो. ३२ अधिक ८ असे ४० तास झाले. अमेरिकेत तीन क्रेडिटच्या विषयाला १५ आठवडे, आठवड्याला ५० मिनिटांच्या तीन तासिका असतात. त्यांची बेरीज साडेसदतीस तास होते. म्हणजे कागदावर बोटीवरचे सेमिस्टर कमी भरत नाही.

क्षेत्रवर्ग म्हणजे गावदर्शन नव्हे. सार्वजनिक आरोग्य शिकणारा वर्ग दवाखान्यात जातो, व्यापार शिकणारा बंदरात किंवा कारखान्यात. परत आल्यावर त्यावर लिहून द्यावे लागते आणि त्याचे गुण असतात. तो चुकवला तर विषयाच्या निकालावर थेट परिणाम होतो.

कमतरता आहे ती वेगळ्याच ठिकाणी. प्रयोगशाळा लागणारे विषय इथे फारसे शक्य नाहीत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयांऐवजी मानव्यशास्त्र, अर्थशास्त्र, पर्यावरण अशा विषयांचेच क्रेडिट मिळतात. त्यामुळे पदवी एक सेमिस्टर लांबण्याची शक्यता आधीच तपासावी लागते.

बंदरात उतरल्यावर काय होते?

बंदर येण्याआधी सर्वांसाठी माहितीसत्र होते. चलन, वाहतूक, कपडे, फसवणुकीचे नेहमीचे प्रकार, कोणत्या भागात रात्री जाऊ नये, हे सगळे सांगितले जाते. इमिग्रेशनचा शिक्का झाला की साधारण चार ते सहा दिवस मोकळे. वर्ग नसतात. कुणी संस्थेने आखलेल्या सहलीला जातो, कुणी स्वतः तिकिटे काढून फिरतो.

शेवटच्या दिवशी जहाज सुटण्याच्या बरेच आधी परतणे बंधनकारक असते. उशीर झाला तर पुढच्या बंदरात काही तास जहाजावरच थांबण्याची शिक्षा होते. आणि जहाज सुटलेच, तर पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. लोकलची वेळ चुकली तर पुढची मिळते, इथे 'पुढची' दुसऱ्या देशात असते.

पाच दिवसांत देश कळतो का?

या कार्यक्रमावरचा सर्वात जुना आणि सर्वात वजनदार आक्षेप हाच आहे. भारतीय वाचकाला तो लगेच पटेल. गेल्या काही वर्षांत भारतातला थांबा बहुतेकदा कोची हा राहिला आहे. विद्यार्थी फोर्ट कोचीतली चिनी जाळी, मट्टनचेरीतले १५६८ मधले सिनेगॉग, अलप्पुळाचे बॅकवॉटर पाहतात. बरेच जण विमानाने दिल्ली गाठून ताजमहाल पाहून येतात. पाच दिवस संपतात. एवढ्यावर कुणी 'मी भारत पाहिला' म्हणाले, तर विदर्भातला कापूस किंवा मुंबईची लोकल माहीत असलेला माणूस हसेल. जे आपल्या देशाबद्दल खरे, तेच व्हिएतनाम किंवा घानाबद्दलही खरे असणार.

परक्या लोकांना नुसते भेटल्याने पूर्वग्रह जातात, असेही नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार अशा भेटीचा उपयोग व्हायला काही अटी लागतात : दोघांचा दर्जा त्या प्रसंगी समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठण्यासाठी सहकार्य हवे आणि वरच्या यंत्रणेचा पाठिंबा हवा. पर्यटक आणि रिक्षावाला, ग्राहक आणि फेरीवाला या नात्यात यातली एकही अट पुरी होत नाही. समान दर्जाचा हा प्रश्न जहाजावरही सुटत नाही. तिथे ताटे उचलणारे आणि केबिन झाडणारे कामगार जगातल्या अनेक देशांतून आलेले असतात. त्यांच्याशी मैत्री होते, पण एक जण घरी पैसे पाठवण्यासाठी बोटीवर असतो आणि दुसरा घरून आलेले पैसे खर्च करत असतो.

मग या पद्धतीची खरी ताकद कशात आहे?

तुलनेत. एका देशात सहा महिने राहणारा विद्यार्थी भाषा शिकतो, शेजारी जोडतो, तो देश खोलवर जाणतो. बोटीवरच्याला ते कधीच जमणार नाही. पण एकच प्रश्न दहा ठिकाणी, पाठोपाठ विचारण्याची संधी फक्त त्यालाच मिळते.

पाण्याचे उदाहरण घेऊ. मोठ्या प्रवासी जहाजांवर समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी बनवण्याची यंत्रणा असते, त्यामुळे नळ सोडला की पाणी येते. केपटाऊन हे या सफरींचे नेहमीचे बंदर. तिथे २०१८ च्या फेब्रुवारीपासून दरमाणशी रोज ५० लिटरची मर्यादा होती आणि नळ पूर्ण बंद होण्याच्या 'डे झीरो'ची चर्चा होती. आपल्याकडे २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. पाणी कमी पडल्यावर ते आधी कुणाचे बंद होते, टँकर कुणाच्या दारात येतो, खासगी बोअर कुणाकडे असते, हे प्रश्न जो प्रत्येक बंदरात विचारेल, त्याला शेवटी एक गोष्ट कळेल. टंचाई पावसामुळे सुरू होते, पण ती कुणाच्या वाट्याला येणार हे माणसे ठरवतात. हे पुस्तकात वाचता येतेच. दहा ठिकाणी पाहिल्यावर मात्र ते 'त्या देशातले लोकच तसे' या सोप्या उत्तरावर थांबत नाही.

हे आपोआप होत नाही, ही यातली मेख आहे. बंदरातले पाच दिवस नुसता कच्चा माल देतात. त्याचे ज्ञान होते ते मधल्या समुद्रावरच्या दिवसांत, वाचून, लिहून, वर्गात वाद घालून. ज्याने हे दिवस झोपून काढले, त्याच्या हाती दहा देशांचे फोटो उरतात.

किती सुरक्षित?

गंभीर घटना घडलेल्या आहेत. मार्च १९९६ मध्ये दिल्लीहून आग्र्याकडे जाताना झालेल्या बस अपघातात या कार्यक्रमातील चार विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. २६ जानेवारी २००५ रोजी उत्तर प्रशांत महासागरात तत्कालीन 'एमव्ही एक्सप्लोरर'वर प्रचंड लाट आदळली. कप्तानाच्या कक्षाची काच फुटली, पाण्याने विद्युत यंत्रणा बिघडून इंजिने बंद पडली. साडेसहाशेहून अधिक विद्यार्थी जहाजावर होते. ती पुन्हा सुरू करून जहाज होनोलुलूला नेण्यात आले, जीवितहानी झाली नाही. २०२० मध्ये करोनामुळे सफर केपटाऊनलाच आटोपती घ्यावी लागली. युद्ध, साथ, चक्रीवादळ यांनी ठरलेले बंदर बदलणे ही तर नेहमीची बाब आहे. ज्या एका देशासाठी प्रवेश घेतला, तोच वगळला जाऊ शकतो.

खर्च किती येतो?

शिक्षण, राहणे आणि जहाजावरचे जेवण धरून मूळ शुल्क साधारण ३० हजार डॉलरच्या घरात जाते, म्हणजे २५ लाख रुपयांच्या पुढे. खिडकीची केबिन हवी असेल तर आणखी. विमानभाडे, व्हिसा, लसी आणि बंदरांतला खर्च वेगळा. गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते, जहाजावर काम करून सवलतही मिळते. तरीही सोबतचा मित्र बंदरात विमानाने आग्र्याला निघाला असताना आपण धक्क्याजवळच फिरायचे, ही वेळ अनेकांवर येते. अमेरिकेतल्या महागड्या खासगी कॉलेजच्या एका सेमिस्टरशी तुलना केली तर आकडा फार वेगळा वाटत नाही. भारतातल्या शुल्काशी तुलना केली तर तो अवाच्या सवा आहे.

भारतीय पासपोर्ट असेल तर?

प्रवेश अमेरिकेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही खुला आहे. अडचण कागदपत्रांची. अमेरिकी पासपोर्टवर जिथे व्हिसा लागत नाही, अशा अनेक देशांसाठी भारतीयाला तो आधी काढावा लागतो. एक व्हिसा अडला तर त्या बंदरात जहाजावरच बसून राहण्याची वेळ येऊ शकते.

अमेरिकेत 'एफ-१' व्हिसावर शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी आणखी तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, हे सेमिस्टर आपल्या कॉलेजने मान्य केलेले परदेशी शिक्षण म्हणून नोंदवले गेले पाहिजे. नुसती रजा घेऊन गेल्यास 'सेव्हिस' या सरकारी प्रणालीतली नोंद बंद होऊ शकते. रजेवर पाच महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास परतणे आणखी अवघड होते. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून हे लेखी घ्यावे.

दुसरी, सफर संपते त्या तारखेला पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा वैध आहे का, हे पाहावे.

तिसरी, घानासारख्या देशात प्रवेशासाठी पीतज्वराची लस लागते. अशा देशातून प्रमाणपत्राशिवाय भारतात आल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. हा नियम भारतीय नागरिकांनाही लागू आहे.

भारतातल्या विद्यापीठात शिकत असाल, तर बोटीवरचे क्रेडिट इथे धरले जातील का, हे पैसे भरण्याआधी विद्यापीठाकडून लेखी घेणे आवश्यक आहे.

भारतात असे काही आहे का?

जहाजावरच्या शिक्षणाची आपली परंपरा जुनी आहे, पण ती दर्यावर्दी घडवण्याची. मुंबईत १९२७ मध्ये 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले, १९७२ मध्ये त्याची जागा 'राजेंद्र'ने घेतली आणि पुढे नवी मुंबईत 'टीएस चाणक्य' ही संस्था आली. नौदलाची 'तरंगिणी' आणि 'सुदर्शिनी' ही शिडाची प्रशिक्षण जहाजे गोवा शिपयार्डमध्ये बांधली गेली. इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्या सामान्य विद्यार्थ्याला समुद्रावर नेणारे सेमिस्टर मात्र आपल्याकडे रुळलेले नाही.

थोडक्यात, कुणी जावे?

एखादी भाषा शिकायची असेल, एका देशात पुढे काम करायचे असेल, प्रयोगशाळेतले विषय उरले असतील, तर त्याच पैशांत किंवा कमी पैशांत एका विद्यापीठातली देवाणघेवाण अधिक उपयोगी ठरेल. कर्ज काढून 'अनुभव घ्यायला' जाणाऱ्याने तर दोनदा विचार करावा. ज्याच्याकडे दहा ठिकाणी विचारता येईल असा एखादा पक्का प्रश्न आहे, क्रेडिट आणि व्हिसाची लेखी खात्री झालेली आहे आणि समुद्रावरच्या दिवसांत अभ्यास करण्याची तयारी आहे, त्याला ही बोट असे काही देते, जे एका जागच्या वर्गात मिळणे कठीण आहे.